सुनीत आणि मुक्तछंद : घाटाचा अर्थ

सुनीत म्हणजे कवीच्या पायांतील बेडी आणि मुक्तछंद म्हणजे वृत्त न साधणाऱ्यांची पळवाट, अशी दोन टोकांची मते आमच्या कानी वारंवार येतात. दोन्ही मतांत घाट हा आशयावर वरून चढविलेला पेहराव मानला आहे. आम्हांस हे मान्य नाही.

जेज्वीट धर्मगुरू व कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांनी १८८५ च्या सुमारास डब्लिनमध्ये लिहिलेली विषादाची सुनीते पाहावीत. आठ ओळींत व्यथा मांडायची, नवव्या ओळीशी वळण घ्यायचे आणि उरलेल्या सहांत उत्तर शोधायचे, ही इटालियन सुनीताची रीत. ती ठाऊक असलेला वाचक त्या वळणाशी सांत्वनाची वाट पाहतो. यांतील काही सुनीतांत ते येतच नाही. देव गप्प आहे, असे गद्यातही सांगता येते. परंतु उत्तरासाठी राखलेली जागा उत्तरावाचून सरते, तेव्हा ते मौन आपणांस सोसावे लागते. हा अर्थ सुनीताच्या घाटानेच घडविला आहे.

मराठीत केशवसुतांनी १८९२ मध्ये सुनीत आणले. पुढे कवी अनिल यांनी ‘भग्नमूर्ति’ (१९४०) हे दीर्घकाव्य मुक्तछंदात लिहिले. भग्न शिल्पाच्या दर्शनातून संस्कृतीविषयीचे चिंतन सुरू झाले, की ते कोठे वळेल हे आधी ठरविता येत नाही. तेथे ओळ विचाराच्या श्वासाबरोबर लांब-आखूड होते. मात्र यमकाचा आधार सुटल्यामुळे ओळ कोठे थांबवावी, याची जबाबदारी कवीवर अधिकच पडते. ती टाळली की उरतात केवळ गद्याचे तुकडे.

मौज अशी की, मुक्तछंदाचे हेच पुरस्कर्ते अनिल पुढे दहा ओळींच्या बंधाकडे वळले. त्यांच्या ‘दशपदी’ला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. उलट हॉपकिन्स यांनी १८७७ मधील एका कवितेत सुनीताचे प्रमाण सांभाळून ते साडेदहा ओळींवर आणले. एकाने मोकळिकीनंतर बंध स्वीकारला, दुसऱ्याने बंधातच मोकळीक शोधली.

जपमाळेचे ठरलेले शब्द आणि संकटात आपसूक निघालेली हाक, या दोन्ही प्रार्थनाच आहेत, हे आपल्या घरांना सांगावयास नको. तेव्हा कविता वाचताना ‘यमक जुळले का?’ एवढ्यावर न थांबता, ‘हा आशय दुसऱ्या घाटात असाच उरला असता का?’ असे वाचकांनी विचारावे. ‘नाही’ असे उत्तर आले, तर कवीने घाट योग्यच निवडला, असे आम्ही समजतो.