जुनं मोडलं नाही, तरी हरवलं: युनिकोडमधल्या 'ऱ्य'बद्दल एक तक्रार
(शिंदखेडा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

लायब्ररी म्हणजे इतरांनी वापरावा म्हणून लिहिलेला कोड. तिचा सार्वजनिक इंटरफेस हा बाहेरच्यांना दिलेला शब्द असतो: या नावाने हाक मारा, हे उत्तर मिळेल. तो शब्द फिरवला की दुसऱ्यांचे प्रोग्राम बंद पडतात. सेमँटिक व्हर्जनिंगचा नियम सांगतो, असा बदल केला तर आवृत्तीचा पहिला आकडा वाढवा. पण आकडा वाढवला की जबाबदारी संपते का?

आज मी टीका करणार आहे युनिकोडवर. ते लायब्ररी नाही, मानक आहे, हे मला ठाऊक आहे. पण जगभरातले प्रोग्राम त्याच्या अक्षरसंकेतांवर विसंबून आहेत. म्हणून कसोटी तीच लावतो.

१९९६ साली २.० आवृत्तीत कोरियन हंगुलची जुन्या जागेवरची ६,६५६ अक्षरं काढली आणि ११,१७२ अक्षरं नव्या जागी मांडली. जुन्या संकेतांतला मजकूर त्यामुळे निकामी झाला. त्यानंतर धोरण ठरलं: एकदा दिलेला संकेत हलवायचा नाही, काढायचा नाही. उत्तम धोरण आहे.

आता मराठीकडे या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. या दुसऱ्या शब्दातला आडवा र संगणकाला कसा सांगायचा? २.० मध्ये रीत होती: र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पुढे भारताच्या इस्की मानकाला धरून दुसरी रीत आली: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. जुनी रीतही सुरू ठेवली, २.० शी सुसंगतीसाठी, असं मानकात लिहिलंय. पडद्यावर कुणाचंच अक्षर मोडलं नाही. याला दाद द्यायलाच हवी.

मग तक्रार काय? दोन्ही रीती दिसायला एक, पण मानकाच्या हिशोबी त्या समान नाहीत. नॉर्मलायझेशन केलं तरी एकरूप होत नाहीत. आपल्या खानदेशाची जुनी राजधानी घ्या, बऱ्हाणपूर. एकाने नोंद जुन्या रीतीने केली, दुसऱ्याने नव्या रीतीने शोधलं, आणि प्रोग्राम संकेत जसेच्या तसे ताडून पाहणारा असला, तर उत्तर येतं: नोंद नाही. बऱ्हाणपूरच्या जागी शेतकऱ्याचं आडनाव ठेवून बघा. यादीत माणूस आहे, पण यंत्र म्हणतं नाही. चुकीचा संदेशसुद्धा येत नाही! प्रोग्राम बंद पडला असता तर निदान कुणी दुरुस्त तरी केला असता.

कुणी म्हणेल, शोधणाऱ्या प्रोग्रामने दोन्ही रूपं सांभाळावीत. चांगले प्रोग्राम सांभाळतातही. पण मग एकाने करायचं काम हजारांवर पडतं, आणि त्यातला एक विसरला तरी पुरे. आता मुळात दुरुस्ती करावी, तर नॉर्मलायझेशनचे नियमही स्थैर्यासाठी गोठवलेले आहेत.

म्हणून लायब्ररी लिहिणाऱ्या तरुणांना सांगतो. जुनं फंक्शन ठेवा, पण त्याने आतून नव्यालाच हाक मारली पाहिजे. ते वापरणाऱ्याला इशारा दिसू द्या: नवं नाव कोणतं, जुनं कधीपर्यंत चालेल. साठवलेला डेटा बदलणारी स्क्रिप्ट सोबत द्या. आणि हे सगळं नवं दार उघडाल त्याच दिवशी करा. 'नंतर बघू' म्हटलं की काय होतं, ते बऱ्हाणपूरने दाखवलंय.

आता प्रश्न विचारा.