ताऱ्यांची भाषा आणि प्रेक्षकाची अभिरुची

२००६ साली नेटफ्लिक्स या, तेव्हा टपालाने डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या अमेरिकी कंपनीने सुमारे ४ लाख ८० हजार सभासदांनी १७,७७० चित्रपटांना दिलेले १० कोटींहून अधिक गुणांक अभ्यासकांपुढे ठेवले. सभासद कोणत्या चित्रपटाला एक ते पाचपैकी किती तारे देईल, याचे भाकीत कंपनीच्या पद्धतीहून दहा टक्क्यांनी अचूक करणाऱ्यास १० लाख डॉलरचे पारितोषिक होते. ते २००९ मध्ये दिले गेले. म्हणजे अभिरुची कळली, असे मानावयाचे काय?

कांटने १७९० मध्ये सुखद आणि सुंदर यांत केलेला भेद येथे आठवावा. 'मला आवडले' आणि 'हे श्रेष्ठ आहे' ही भिन्न कोटीची विधाने आहेत. 'शिंडलर्स लिस्ट'ला पाच तारे देणारा प्रेक्षक तो पुन्हा पाहू इच्छीलच असे नाही. तीन तारे दिलेली एखादी प्रहसने मात्र तो दरवर्षी पाहतो. तारा हा भेद गिळून टाकतो. (२०१७ मध्ये कंपनीने तारेही काढले आणि अंगठा आणला, त्यात तर छटाही उरली नाही.)

गणिताने जे उघड केले ते मात्र समीक्षेने दुर्लक्षावे असे नाही. गुणांकांतील बराचसा फरक प्रेक्षकाच्या सढळ वा कठोर हातातून आणि चित्रपटाच्या सर्वसाधारण लौकिकातून येतो. ही दोन्ही वजा केल्यावर जे उरते, त्यालाच ही पद्धत अभिरुची म्हणते. अभिरुची म्हणजे विचलन! चारचौघांशी सहमत असणारा रसिक तिला जवळजवळ दिसतच नाही. त्याची सहमती दीर्घ आस्वादातून कमावलेली असली तरीही. अभिनवगुप्ताचा सहृदय काव्याच्या अभ्यासाने घडतो. त्या घडणीची नोंद या कोष्टकात कोठे होणार? दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. किती तारे दिले हे बाजूला ठेवून, कोणकोणत्या चित्रपटांना दिले एवढेच विचारात घेतले तरी भाकीत सुधारते. निवड हीच पहिली समीक्षा आहे, आणि जे निवडलेच नाही तेही बोलते.

पुढे, २००८ मध्ये नारायणन आणि श्माटिकोव्ह यांनी दाखवून दिले की, मोजके गुणांक व त्यांच्या अंदाजे तारखा माहीत असल्यास निनावी नोंदींतूनही विशिष्ट सभासद हुडकता येतो. माणूस ओळखता आला. समजला मात्र नाही. ही फारकत मला सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते.

'नेपोलियन डायनामाइट' (२००४) या विनोदी चित्रपटाने स्पर्धकांना विशेष छळले. अन्यत्र एकमत असलेले प्रेक्षक येथे एक आणि पाच अशा टोकांना जात. पण एक तारा देणाऱ्यांतही एकाला तो असह्य संथ वाटला असेल, दुसऱ्याला आपल्याच पात्रांची टिंगल करणारा. पहिल्याचा आक्षेप लयीला आहे, दुसऱ्याचा नीतीला. कोष्टकात दोघांच्या नावापुढे १ हाच अंक आहे.