मूठभर नमुना आणि मरणाच्या दारातला रुग्ण

तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमधील धान्य बाजारात पोत्याला टोचून मूठभर दाणे तळहातावर घेतात आणि त्यावरून मालाची प्रत ठरवतात. नमुन्यावरून संपूर्णाचा अंदाज बांधण्याची ही रीत विज्ञानाचीच आहे. पण चार दाणे पाहून ट्रकभर मालाचा सौदा कोणीही व्यापारी करणार नाही. औषधांच्या बाबतीत मात्र आपण तसा सौदा केला, असे आमचे मत आहे.

कोविडच्या फैलावामुळे मे २०२० मध्ये हेच मार्केट आठवडाभर बंद ठेवावे लागले. पुढे जुलैमध्ये सोरायसिसवरील इटोलिझुमॅब या औषधाला गंभीर कोविड रुग्णांसाठी मर्यादित आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. आधार होता मुंबई व दिल्लीतील ३० रुग्णांची चाचणी. औषध दिलेल्या २० पैकी कोणीही दगावले नाही. न दिलेल्या १० पैकी ३ दगावले.

हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. ३० जणांतून ३ जण निवडण्याचे ४०६० प्रकार आहेत. त्यांपैकी १२० प्रकारांत तिघेही त्या १० जणांच्या गटातले असतात. म्हणजे औषध निरुपयोगी असले, तरी शंभरात तीनदा असा निकाल योगायोगाने लागेल. पण तिघांतील एक जरी औषध घेतलेल्या गटात दगावला असता, तर ही शक्यता थेट चारात एक झाली असती. एका रुग्णावर डोलणारा निष्कर्ष पक्का कसा म्हणावा?

याउलट रक्तद्रव उपचाराचे पाहा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ४६४ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. आजार बळावणे किंवा मृत्यू येणे, याचे प्रमाण उपचार घेतलेल्यांत १९ टक्के आणि न घेतलेल्यांत १८ टक्के निघाले. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला मे २०२१ मध्ये. मधल्या काळात किती नातेवाईक रक्तदात्यांच्या शोधात वणवण फिरले!

मग रुग्णाला वाट पाहायला लावायची काय? नाही. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्याने केवळ पहिला टप्पा पार केलेले औषधही, नियामकाच्या परवानगीविना, मरणासन्न रुग्णाला मागता येते. आपल्याकडे २०१९ च्या नियमांत २०२० साली झालेल्या दुरुस्तीने अनुकंपा तत्त्वावर औषध देण्याची वाट उघडली, पण ते तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत असले पाहिजे. ही अट आम्हाला शहाणपणाची वाटते. उणीव दुसरीकडे आहे. ‘मर्यादित आपत्कालीन वापर’ याची व्याख्याच त्या नियमांत नव्हती. म्हणून किती पुरावा पुरे, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरले.

औषध लवकर देऊनही ज्ञान मिळवता येते. दाद न देणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिन २०१६ मध्ये भारतात मोजक्या केंद्रांतून, देखरेखीखाली देण्यात आले. आज ते त्या उपचाराचा कणा आहे. लवकर द्यावे, पण प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले ते नोंदवून जाहीर करावे, एवढी अट कायद्यात हवी. नोंद न ठेवता दिलेले औषध त्या रुग्णाला कदाचित तारेल. पुढच्या रुग्णाला मात्र ते काहीच शिकवत नाही.