एका बंद चिपचं वाचन

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ चिपचे मॅक बाजारात आणले. संगणक सुरू करणारं नेहमीचं यूईएफआय फर्मवेअर नाही, इंटरप्ट कंट्रोलर स्वतःचा, चित्रं रंगवणारा जीपीयूही स्वतःचा, आणि माहितीपुस्तिका बाहेरच्या कुणाच्याच हाती नाही. दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चालवायला ॲपलची आडकाठी नव्हती, पण हार्डवेअर समजून घेण्याचं काम ज्याचं त्याने करायचं. हेक्टर मार्टिन आणि त्यांच्या सोबत्यांनी ते ‘असाही लिनक्स’ या प्रकल्पात हाती घेतलं. त्यातलं मला सर्वांत देखणं वाटतं ते त्यांचं लक्ष देऊन ऐकणं.

‘एम१एन१’ हा त्यांचा छोटासा प्रोग्राम मॅकओएसच्या आधी सुरू होतो आणि मॅकओएसला आपल्या देखरेखीखाली चालवतो. मॅकओएसच्या लेखी संवाद थेट हार्डवेअरशीच चाललेला असतो; इकडे कोणत्या रजिस्टरमध्ये काय लिहिलं, काय वाचलं, याची नोंद केबलवरून शेजारच्या संगणकावर उतरत राहते. मॅकओएसचा कोड शक्यतो उलगडून पाहायचा नाही, हा प्रकल्पाचा दंडक. जे शिकायचं ते मुख्यतः यंत्राच्या वागण्यावरून.

अशा वाचनात चिपचा वंशही कळतो. एम१ मधला, इतर छोट्या चिपशी बोलणारा आयटूसी कंट्रोलर ॲपलने २००८ साली विकत घेतलेल्या पी. ए. सेमी कंपनीच्या घराण्यातला निघाला. त्या कंपनीच्या पॉवरपीसी चिपसाठीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून होता. तोच वाढवून वापरला. नव्याकोऱ्या चिपमध्ये असा जुना ओळखीचा चेहरा भेटावा, याचा आनंद काही निराळाच!

पण खरा रस जीपीयूच्या कामात आहे. २०२२ मध्ये प्रकल्पातल्या अलिसा रोझेन्झ्वाइग पडद्यावर एक त्रिमितीय ससा काढत होत्या. साधी आकृती नीट उमटे. त्रिकोणांचा तपशील वाढला की सशाचे तुकडे गायब. हा जीपीयू पडद्याच्या चौकोनी फरशा पाडतो आणि कोणता त्रिकोण कोणत्या फरशीत पडतो, ते आधी एका बफरमध्ये जमवतो. बफर भरला, की तो काम टाकत नाही. जमलं तेवढं रंगवतो, बफर रिकामा करतो, पुढे चालू लागतो. मात्र अर्धवट चित्र मेमरीत ठेवायचं कसं आणि परत उचलायचं कसं, हे सांगणारे छोटे प्रोग्राम ड्रायव्हरने पुरवावे लागतात. ते दिले, रंग परतले, तरी ससा बिघडलेलाच! रंगांबरोबर खोलीची (डेप्थची) नोंदही जपावी लागते, हे उमगलं तेव्हा कुठे तो अखंड उभा राहिला. बिघाडालाच पुरावा मानून मुळापर्यंत जाण्याची ही चिकाटी मला फार मोठी वाटते.

हीच निष्ठा स्पीकरच्या बाबतीत दिसते. या मॅक लॅपटॉपचे स्पीकर बेसुमार आवाजाने जळू शकतात. म्हणून असाहीचा एक प्रोग्राम त्यांच्या कॉइलच्या तापमानाचा सतत अंदाज घेतो आणि वेळीच आवाज उतरवतो. दुसऱ्याचं यंत्र आपलं मानून सांभाळणं म्हणतात ते हेच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रकल्पाच्या जीपीयू ड्रायव्हरला ओपनजीएल या ग्राफिक्स मानकाच्या ४.६ आवृत्तीची अधिकृत मान्यता मिळाली. त्याच मॅकवर ॲपलचं स्वतःचं ओपनजीएल ४.१ वरच थांबलेलं आहे.