क्षेपणास्त्राचे चित्र

कर्करोगावरील नॅनोतंत्रज्ञानाची माहिती देणाऱ्या लेखांत एक चित्र हमखास असते. औषधाने भरलेला चिमुकला गोळा रक्तातून निघतो आणि निरोगी पेशींना धक्का न लावता नेमका गाठीवर जाऊन आदळतो. आम्हीही ते फळ्यावर काढले आहे. मुलांना ते चटकन कळते. पण नववीतल्या एका मुलीने विचारले, "मग माझ्या आजीचे केस का गळाले?" आम्ही निरुत्तर झालो. चित्राची झाडाझडती घ्यावीशी वाटली ती तेव्हापासून.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. औषधवाहू कण साधारण १०० नॅनोमीटरचे असतात. तांबड्या रक्तपेशीच्या व्यासावर असे सत्तरेक कण ओळीत बसतील. अशा कणाला ना इंजिन, ना सुकाणू. रक्त नेईल तिकडे तो जातो. मग गाठीत शिरतो कसा? १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा व माएदा यांनी दाखवून दिले, की गाठीतल्या घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. त्यांतून मोठे रेणू झिरपतात आणि तेथेच साठून राहतात. क्षेपणास्त्राची सारी भिस्त मुख्यतः या गळतीवर!

आता हिशेब पाहा. टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतील प्रयोग तपासले. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचलेल्या भागाचे मध्यक मूल्य निघाले ०.७ टक्के, म्हणजे हजारांत सात कण. उरलेल्यांपैकी पुष्कळसे यकृतात आणि प्लीहेत अडकतात. तेथील भक्षक पेशी ते गिळतात. परके कण गिळणे हे त्यांचे कामच आहे.

खरी गंमत येथे आहे, आणि चित्र नेमकी तीच झाकते. प्रतिकारशक्तीकडून कर्करोगाशी लढा द्यायचा तर औषध गाठीतच गेले पाहिजे असे नाही. टी-पेशींना शत्रूची ओळख पटवण्याचे काम प्लीहेत व लसीकाग्रंथींत चालते. कालपर्यंत चुकलेली वाट म्हणून मोजली ती प्लीहा येथे हवे ते ठिकाण ठरते. जर्मनीतील माइन्झच्या उगुर शाहिन यांच्या गटाने २०१६ मध्येच मेदात गुंडाळलेला आरएनए उंदरांच्या शिरेत टोचला. कणांवर लक्ष्य शोधणारा कोणताही रेणू चिकटवला नव्हता. त्यांचा विद्युतभार ऋण ठेवला एवढ्यावर आरएनए प्लीहेतल्या, ओळख पटवणाऱ्या पेशींपर्यंत पोचला.

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या १५७ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये मांडले गेले. टी-पेशींचा लगाम सैल करणारे पेम्ब्रोलिझुमॅब सर्वांना दिले होते. काहींना जोडीला मेदकणांतली आरएनए लस स्नायूत टोचली. ती प्रत्येकाच्या गाठीतील उत्परिवर्तने पाहून बेतलेली होती. गाठी मात्र शस्त्रक्रियेने आधीच काढल्या होत्या. क्षेपणास्त्राला आदळायला जागाच नव्हती!

लस घेतलेल्यांत रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी आढळला. याचा अर्थ शंभरांतले ४४ बरे झाले असा नव्हे. ही गफलत वृत्तपत्रे नेहमी करतात. अठरा महिन्यांनंतर रोग न उलटलेले रुग्ण लसीच्या गटात सुमारे ७९ टक्के होते, दुसऱ्या गटात ६२ टक्के. चाचणी लहान होती, हेही मुलांना सांगावे. आम्ही त्या मुलीला पुढच्या आठवड्यात हे आकडे दाखवले. ती म्हणाली, "सर, मग चित्र पुसू का?"