कृपा आणि कर्म : पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनाचा पुनर्विचार

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या कार्याची चर्चा मराठीत प्रामुख्याने स्त्रीशिक्षण व समाजसुधारणा या अंगांनी झालेली आहे. शारदा सदन, केडगावचे मुक्ती सदन आणि ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) हा ग्रंथ यांचा गौरव होतो. त्यांची ख्रिस्तनिष्ठा मात्र या कार्याला चिकटलेली अडचणीची बाब मानली जाते. ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’ (१९०७) हे त्यांचे छोटेखानी इंग्रजी आत्मनिवेदन या विभागणीला छेद देते. मनुष्य स्वतःच्या कर्मांनी तरत नाही, श्रद्धेने स्वीकारलेल्या ईश्वरी कृपेने तरतो, हे त्याचे मध्यवर्ती सूत्र आहे. ज्यांचे सारे आयुष्य अविरत कार्यात गेले, त्यांनीच कर्माचे तारकत्व का नाकारावे, हा या पुस्तकाने उभा केलेला खरा प्रश्न होय.

त्याचे उत्तर निवेदनाच्या पूर्वार्धात सापडते. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत होते. स्नाने, उपवास, दानधर्म व पारायणे यांतून पुण्यसंचय होतो, या निष्ठेपायी जवळचे द्रव्य संपले आणि दुष्काळात रमाबाईंचे आई-वडील व बहीण मृत्युमुखी पडली. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी सन्मानित झालेल्या रमाबाईंना धर्मशास्त्रांच्या अभ्यासात दुसरा धक्का बसला. स्त्री ही स्त्री म्हणूनच मोक्षाला अपात्र ठरते आणि पतिसेवेवाचून तिला गती नाही, असा निष्कर्ष त्यांच्या हाती आला. म्हणजे कर्म फळाला आले नाही, हा एक भाग. ते करण्याचा अधिकारच स्त्रीला नाही, हा दुसरा. ज्या व्यवस्थेत पात्रता आधी तपासली जाते, तेथे अपात्र ठरविलेल्यांना कृपेखेरीज दार उरत नाही. रमाबाईंच्या कृपाविचाराचा सामाजिक आशय येथे आहे.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तत्पूर्वी लंडनजवळच्या फुलहॅम येथे ‘पतित’ मानल्या गेलेल्या स्त्रियांची भगिनीसंघाने चालविलेली सेवा त्यांनी पाहिली होती. ख्रिस्ती धर्माकडे त्या ओढल्या गेल्या त्या अशा कर्माच्या दर्शनाने. मात्र बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त लाभला नाही, अशी जाणीव त्यांना झाली. विधी, सभासदत्व आणि सत्कृत्ये हीदेखील जुन्या पुण्यसंचयाचीच नवी रूपे ठरू शकतात, हे त्यांचे आत्मपरीक्षण निवेदनातील सर्वांत प्रखर स्थळ आहे. येथे टीकेचा रोख केवळ सोडलेल्या धर्मावर राहत नाही; तो स्वीकारलेल्या धर्माच्या बाह्यांगावरही वळतो.

यातून कर्माविषयी उदासीनता निर्माण होते काय? इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तारण हे कर्माचे फळ नसून देणगी आहे, असे सांगून लगेच मनुष्य सत्कर्मांसाठी घडविला गेल्याचे म्हटले आहे. रमाबाईंचे आयुष्य हा क्रम स्पष्ट करते. १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांतील निराधार स्त्रियांना आश्रय देण्याचे मोठे कार्य १८९१ च्या अनुभवानंतरचे आहे. कर्म हे तारणाचे मूल्य राहिले नाही. ते कृतज्ञतेचे फळ झाले. आश्रयाला आलेल्या स्त्रीची पात्रता न तपासण्याची वृत्तीही याच विचाराशी सुसंगत आहे.

तथापि या निवेदनाच्या मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. हिंदू परंपरेचे येथील चित्र मुख्यतः कर्मकांडाचे व पौराणिक आचारधर्माचे आहे. ज्या महाराष्ट्रात जनाबाई आणि तुकाराम यांनी अधिकारभेद ओलांडून ईश्वरकृपेचा अनुभव गायिला, तेथील वारकरी धारेला त्यात पुरेसे स्थान नाही. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचले. रमाबाईंची वाट विच्छेदाची आहे. शिवाय, १९०५ मधील मुक्ती सदनातील आध्यात्मिक जागृतीनंतर हे पुस्तक प्रसिद्ध झाल्यामुळे १८९१ चा अनुभव त्या प्रकाशात मांडला गेला असणे संभवनीय आहे.

तरीही हे समर्पण बुद्धीचा त्याग नव्हते. ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या पत्रव्यवहारात (१९७७) चर्चच्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेपुढे सदसद्विवेक गहाण टाकण्यास नकार देणाऱ्या रमाबाई दिसतात. कृपा थेट लाभत असेल, तर तिच्या वाटेवर मध्यस्थाची परवानगी लागत नाही. सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचा, त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेला, त्यांचा अनुवाद याच निष्ठेचे फलित आहे. म्हणूनच त्यांचे समाजकार्य स्वीकारून त्यांची श्रद्धा बाजूला ठेवणारे मूल्यमापन अपुरे ठरते. कारण त्या कार्याला तोलून धरणारा आधारच त्यात निसटतो.