जर आणि फुली

लग्नघरी रुखवत मांडले की बायकांची गर्दी प्रथम कोठे होते, हे एकदा लक्ष देऊन पाहावे. साखरेचे तुळशीवृंदावन, सुपाऱ्यांचे भटजी, लोकरीचे रुमाल या सर्वांना बाजूस सारून सगळ्याजणी काचेत मढविलेल्या भरतकामापुढे जमतात. आणि त्यातही ज्या चित्रात सोनेरी दोरा भरला आहे त्यापुढे अधिक. मग एखाद्या आत्याबाई म्हणतात, “काय चकचकीत झाले आहे हो!” झाले, निकाल लागला. माझे भांडण आहे ते या ‘चकचकीत’ शब्दाशी.

शाळेत मुलींकडून भरतकाम करून घेण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. त्यामुळे ओघानेच प्रदर्शनांतून परीक्षक म्हणूनही बसावे लागते. कवितेचे परीक्षण करणारा वृत्त पाहतो, शब्दकळा पाहतो, निदान पाहिल्यासारखे तरी करतो. भरतकामाचे परीक्षण मात्र लांबून पाहूनच आटोपते, आणि लांबून जर तेवढी दिसते. मॅटीवर अख्खा गणपती सोनेरी फुल्यांनी भरून काढणाऱ्या मुलीला पहिले बक्षीस मिळते. तिने सहा महिने डोळे फोडलेले असतात, ही गोष्ट खरी. पण ती कलाकृती चांगली आहे काय?

मला विचाराल तर नाही. आणि त्याचे कारण जरीच्या अंगातच आहे. अस्सल जर म्हणजे चांदीची तार ओढून, चपटी करून, रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्याभोवती गुंडाळलेली आणि वर सोन्याचा मुलामा दिलेली. सुरतेला हा धंदा फार जुना आहे. तिच्याहून हलकी जर तांब्याच्या तारेची, वर चांदीचे पाणी दिलेली. दुकानात भरतकामासाठी आज जी सोनेरी लडी मिळते ती बहुधा पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्याची असते. त्या पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा थर चढवून त्याच्या बारीक पट्ट्या कापतात. तिन्हींची किंमत निराळी, जात निराळी. पण एक गोष्ट तिघींत सारखी, ती म्हणजे सोने बाहेर आणि धागा आत. सुती दोरा सालीपासून गाभ्यापर्यंत सूतच असतो, त्यामुळे घासला तरी तो सूतच राहतो. जरीचे तसे नाही. घासली की वरचे वेष्टन सरकते, आतला धागा उघडा पडतो, आणि मग ती तुटते.

आता थोडे गणित मांडू. शिक्षकाची खोड, दुसरे काय! इंचाला १४ फुल्या बसतील असे कापड घेतले तर एका चौरस इंचात १९६ फुल्या होतात. एका फुलीसाठी दोरा कापडातून ४ वेळा आरपार जातो. म्हणजे चौरस इंचाला ७८४ वेळा ती नाजूक जर छिद्रांतून ओढली जाते, आणि सुईच्या नाकात ती जेथे वाकते तेथे तर ती सारखी झिजत असते. गणपतीच्या सोंडेपर्यंत पोचेतो जरीची लव निघालेली असते. मुलगी बिचारी समजते, आपला हात जड आहे! हात जड नसतो. जे काम जरीला सांगू नये ते आपण तिला सांगितलेले असते.

जरीचे काम ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले ते असे करीत नाहीत. लखनौ, बरेली, आग्रा येथले जरदोजीचे कारागीर, किंवा तिकडून मुंबईला येऊन छोट्या कारखान्यांतून बसणारे त्यांचे भाईबंद, कारचोबावर म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणून घेतात. कलाबतू कापडावर नुसता मांडतात. नकाशीप्रमाणे तो वळवीत नेतात आणि दुसऱ्या बारीक दोऱ्याने जागोजाग बांधून टाकतात. जर कापडाखाली जाते ती सुरुवातीला आणि शेवटाला. ‘दबका’ म्हणून तारेची जी वेटोळी नळी असते, तिचे तर बारीक तुकडे कापून मण्यांसारखे सुईत ओवतात. झीज सोसायची ती बांधणाऱ्या दोऱ्याने. वरून पाहणाऱ्याला तो दोरा दिसतही नाही.

याचा परिणाम डोळ्यांना लगेच कळतो. मांडलेली तार अखंड असते; ती वळते तसा तिच्यावरचा उजेड वळतो, आणि वेलीचे पान खरोखर मुरडल्यासारखे वाटते. फुलीत मात्र एक तिरकी इकडे, एक तिकडे. उजेडाचे हजार तुकडे होतात आणि सोन्याची मातकट चाळण दिसू लागते. अख्खा गणपती लांबून चकचकीत आणि जवळून खरखरीत दिसतो, तो यामुळे. (कादंबरी लिहिणारांनाही हा रोग जडतो. प्रत्येक वाक्यात एक उपमा पेरली की पानभर कोठेच उजेड राहत नाही.)

युरोपात पंधराव्या शतकात एक रीत निघाली, तिची मला फार मौज वाटते. सोन्याची जर ओळीने शेजारी शेजारी मांडायची आणि ती बांधताना रंगीत रेशीम वापरायचे. जेथे सावली हवी तेथे टाके दाट, जेथे उजेड हवा तेथे विरळ. म्हणजे सोने जवळजवळ झाकूनच टाकायचे! व्हिएन्नाच्या राजकोशात ‘गोल्डन फ्लीस’ या सरदारमंडळाची धर्मवस्त्रे आहेत, त्यांवर हे काम आहे. चेहऱ्यावरचा प्रकाश रेशमाच्या आडून येतो. एवढे सोने विकत घ्यायचे आणि मग ते झाकायचे, याला श्रीमंती म्हणतात.

आणि आमची फुली काही गरीब नव्हे. धारवाडकडच्या कशिद्यात गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार टाके आहेत. त्यांतली मेंथी म्हणजे फुलीच. इरकलीच्या काळ्याभोर अंगावर रेशमाच्या साध्या टाक्यांतून रथ, गोपुरे, हत्ती उभे राहतात. सोन्यावाचून त्यांचे काही अडलेले नाही. धागे मोजून भरण्याची ती शिस्तच त्यांचा दागिना आहे.

कोणी म्हणेल, प्लॅस्टिकची जर खोटी, तिच्याबद्दल एवढा विचार कशाला? खोटी कशाने? ज्योतीपाशी नेली की ती आक्रसून गोळी होते आणि आपण काय आहोत ते प्रामाणिकपणे सांगते. खोटा असतो तो तिला अस्सल म्हणून विकणारा. उलट अस्सल जरीचे नशीब पाहा. घरोघरच्या जुन्या शालूंचे पदर, मुलांची जरीची टोपडी, ताटावरचे मखमली रुमाल चांदीच्या भावाने विकले गेले आणि जाळून त्यांची चांदी काढली गेली. तार मोलाची होती म्हणूनच काम उरले नाही. वजनकाट्यावर चांदी चढली. ज्या हातांनी पाने-फुले मांडली त्यांचे वजन शून्य. आजही जरीच्या कापडाची किंमत विचारताना आपण ‘जर खरी ना?’ असे विचारतो. भरले कोणी, त्याला काय मिळाले, हे विचारीत नाही.

म्हणून प्रदर्शनात मी आता चौकट उलटी करून मागते. कारागिराचा खरा हिशेब पाठीमागे असतो. पुष्कळ आयांना हे आवडत नाही. मागे पुठ्ठा घट्ट चिकटविलेला असतो.

मुलींना मी सोनेरी दोरा वापरू नका असे मात्र कधीच सांगत नाही. दोरा दोन वितींपेक्षा लांब घेऊ नये. सुई मोठ्या नाकाची घ्यावी, म्हणजे ती छिद्र थोडे रुंद करून जरीला वाट देते. कापड रिंगणात ताणून सुई सरळ खाली, सरळ वर न्यावी. फुलीच हवी असेल तर खालची तिरकी सुती पिवळ्या दोऱ्याची आणि वरचीच तेवढी जरीची घालावी. झीजही निम्मी होते आणि सोन्याला खालून रंगाचा आधार मिळतो. काठाची वेल असेल तर जर सरळ मांडून बांधून टाकावी. नियम एवढेच.

मागच्या प्रदर्शनात आठवीतल्या एका मुलीचा हातरुमालाएवढा तुकडा आला होता. गडद निळ्या मॅटीवर विटकरी सुताची एक पणती, तिच्याखाली तपकिरी सावलीची एक ओळ. सोनेरी फुल्या सगळ्या मिळून नऊ, त्याही ज्योतीच्या टोकाशी. इतर परीक्षकांनी तो पाहून पुढे सरकविला. कोणीतरी “रिकामे वाटते” असेही म्हणाले. मी तो खिडकीपाशी नेला आणि हातात थोडा कलता केला. नऊंपैकी चार फुल्या पेटल्या, मग दुसऱ्या पाच. पाठीमागे एकही गाठ नव्हती.

पहिले बक्षीस गणपतीला गेले. पणतीला उत्तेजनार्थ मिळावे म्हणून मला अर्धा तास भांडावे लागले.